शिक्का आपला, चिठ्ठी कुणाची?

२०१८ चा जुलै. पाऊस असा की रंकाळ्यावरनं राजारामपुरीत येईपर्यंत रेनकोटच्या आतला शर्टसुद्धा पिळावा लागत होता. ऑफिसचं शटर अर्धं वर गेलं नाही तोवर उद्यमनगरातनं फोन. तिथल्या एका वर्कशॉपचं नेटवर्क मी बघतो: राउटर, सहा कॅमेरे, बिलिंगचं मशीन, आणि मोबाईलवर कॅमेरे दिसले नाहीत की शेठचा संताप. फोनवर अकाउंटचे काका होते.

"अहो, बँकेचं पान उघडलं की लाल पाटी यालीया. पेपर उघडला की नको नको त्या जाहिराती. शेठ आत बसल्यात, लवकर या की."

काका साठीच्या पुढचे. टॅलीवर त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं, पण ब्राउझर म्हणजे त्यांच्या लेखी संशयित इसम. म्हणूनच वाचले. लाल पाटी आली की पुढं जायचं नाही, मला फोन करायचा, एवढं एक मी त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. कुणी हुशार पोरगा असता तर 'ॲडव्हान्स्ड' दाबून आत गेला असता.

गेलो. मशीनला हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून बँकेच्या नावाचा पत्ता विचारला, तर भलताच नंबर आला. माझ्या मोबाईलवर, मोबाईलच्या डेटावर विचारला तर वेगळा. म्हणजे घोळ डीएनएसमध्ये. आपण साईटचं नाव टाकतो आणि तिचा नंबर सांगायचं काम डीएनएस करतं. तिथंच कुणी खोटं सांगायला बसलं की आपण बरोबर नाव टाकूनही चुकीच्या दारात उभे. राउटर उघडला. मी गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला होता, त्या जागी आयुष्यात कधी न पाहिलेला नंबर.

पहिला राग साहजिकच पासवर्डवर. पण पासवर्ड मीच ठेवलेला, सोळा अक्षरांचा, आणि माझ्याशिवाय कुणाकडे नाही. बाहेरनं राउटर उघडायची सोय मी पहिल्याच दिवशी बंद केलेली. वायफायवर ऑफिसातली माणसं सोडून कुणी नाही. चहा आला, तो गार झाला, आणि मग मला राउटरचा लॉग, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, बघायची बुद्धी झाली. सोमवारी अकरा बावन्नला सेटिंग बदललेलं. कुठनं? १९२.१६८.१.१४ वरनं.

तो नंबर मीच मार्करनं लिहून काकांच्या मशीनवर चिकटवला होता.

"काका, सोमवारी पावणेबाराच्या पुढं काय करत होता?"

काकांचा चेहरा असा झाला की लक्ष्मीपुरी पोलीस ठाण्यात बसवलंय. "मी? मी कशाला हात लावू तुमच्या त्या डब्याला?"

लावला नव्हताच. ब्राउझरची हिस्टरी काढली. एका पुरवठादारानं खातेउतारा पीडीएफमध्ये पाठवला होता, तो एक्सेलमध्ये करायला काकांनी शोधून एक फुकटची साईट उघडली होती. पावणेबारा ते बारा तिथंच. मी माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडून त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघितला. वर सगळं ठीक. खाली, अगदी तळाला, आठ चित्रांचे टॅग (इथं अमुक चित्र दाखव, असं ब्राउझरला सांगणाऱ्या ओळी) एकाखाली एक. रुंदी १, उंची १. चित्राचा पत्ता म्हणून जे लिहिलं होतं ते चित्र नव्हतंच. एकात १९२.१६८.०.१, दुसऱ्यात १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरांचे नेहमीचे घरातले पत्ते, आणि पुढं राउटरच्या सेटिंगच्या पानाचं नाव, प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढं तो मगाशी राउटरात दिसलेला अनोळखी नंबर. वेगवेगळ्या बनावटीच्या राउटरांसाठी आठ वेगवेगळ्या ओळी, त्यातली एक लागू पडली.

हे कसं चाललं ते नीट सांगतो, कारण मला स्वतःला ते पटायला अर्धा दिवस लागला. पानात चित्राचा टॅग दिसला की ब्राउझर त्या पत्त्यावर मागणी पाठवतो. तो पत्ता गावातल्या साईटचा आहे की घरातल्या राउटरचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. राउटरला वाटलं, काकांच्या मशीनवरनं सेटिंग बदलायचा हुकूम आला. त्यानं बदललं आणि उत्तर म्हणून 'सेव्ह झालं' असं एक पान परत दिलं. ब्राउझरनं बघितलं, हे तर चित्र नाही, आणि गप बसला. स्क्रीनवर एक ठिपकासुद्धा हलला नाही. काम मात्र झालं होतं.

पण राउटरनं पासवर्ड कसा विचारला नाही? इथं माझी मान खाली. त्याच सोमवारी अकराच्या सुमारास कॅमेऱ्याचा पोर्ट, म्हणजे त्याची बाहेरची वाट, उघडायला मी काकांच्याच मशीनवरनं राउटरमध्ये शिरलो होतो. त्या राउटरला लॉगिनचं वेगळं पान नव्हतं, ब्राउझरच एक करडी चौकट काढतो आणि त्यात नाव-पासवर्ड टाकायचा, तो जुना प्रकार. त्याला बाहेर पडायचं बटणच नसतं. मी टॅब बंद केला आणि झालं समजून उठलो. चौकटीत टाकलेला पासवर्ड मात्र ब्राउझर पूर्ण बंद होईपर्यंत ध्यानात ठेवतो आणि त्या पत्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक मागणीला न विचारता चिकटवतो. आणि काका ब्राउझर कधीच बंद करत नाहीत. संध्याकाळी मशीन झोपवतात, सकाळी उठवतात.

शेठना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे कुलूप फोडलं नाही?" नाही. "किल्ली चोरली नाही?" नाही. "मग?"

मग मला मार्केट यार्डातली गुळाची अडत आठवली. तिथं माझं एक गिऱ्हाईक आहे, त्याच्याबद्दल पुढं येईलच. त्या गादीवर दिवाणजी बसतात आणि शेठचा शिक्का त्यांच्या गल्ल्यात. समजा दिवाणजी इतके आज्ञाधारक आहेत की समोर जी चिठ्ठी येईल तिच्यावर शिक्का उठवतात. चिठ्ठी शेठनं लिहिली की रस्त्यावरच्या कुणी आत सरकवली, बघत नाहीत. शिक्का खरा, दिवाणजी प्रामाणिक, गोदामातनं गुळाचे शंभर रवे, म्हणजे ढेपा, मात्र भलत्याच ट्रकात. ब्राउझर हा तो दिवाणजी. शेठना हे लगेच कळलं. ते म्हणाले, "आमच्याकडं असला माणूस आठ दिवस टिकला नसता."

या प्रकाराचं नाव क्रॉस-साईट रिक्वेस्ट फोर्जरी, सीएसआरएफ: परक्या साईटनं आपल्या नावानं पाठवलेली खोटी मागणी. नाव २००१ मध्ये पीटर वॉटकिन्सनं दिलं, पण दुखणं त्याहून जुनं आहे. नॉर्म हार्डी नावाच्या माणसानं १९८८ मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यातला किस्सा एका कंपायलरचा, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत करणाऱ्या प्रोग्रामचा. त्या कंपायलरला स्वतःची आकडेवारी लिहिण्यासाठी एका खास डिरेक्टरीत लिहायची परवानगी होती. एकानं आपला निकाल कुठल्या फाईलीत ठेवायचा हे सांगताना त्याच डिरेक्टरीतल्या बिलांच्या फाईलीचं नाव दिलं. त्या माणसाला तिथं लिहायचा हक्क नव्हता, कंपायलरला होता. कंपायलरनं इमानदारीत बिलांवर लिहिलं. गेली बिलं. अकाउंटच्या काकांना हा किस्सा मी मुद्दाम सांगितला, त्यांना फार लागला.

राउटरवरचा हा नेमका डावही माझ्या शेठवर पहिल्यांदा झाला असं नाही. २००७ च्या सुमारास स्टॅम, रामझान आणि याकोबसन या तिघांनी हे होऊ शकतं म्हणून लिहिलं होतं, आणि २००८ च्या जानेवारीत मेक्सिकोत झालेलं सापडलं: ईमेलनं आलेलं शुभेच्छापत्र, त्यात चित्राचा टॅग, टॅगमध्ये राउटरचा पत्ता, आणि पुढं एका बँकेचं नाव भलत्या नंबरावर. म्हणजे दहा वर्षं जुना डाव, आणि तो मला उद्यमनगरात कळला. व्यवसायाला वीस वर्षं झाली म्हणून मिरवणाऱ्या माणसाला हे बोचतं. त्या दिवसाचं बिल मी लावलं नाही. उलट काकांना मिसळ चारली, संशय घेतल्याबद्दल.

खरी झोप उडाली ती त्या रात्री.

मार्केट यार्डातल्या त्या अडतीसाठी २०१६ मध्ये मी स्वतः एक वेब पॅनल लिहिलं होतं. पीएचपीत, रात्री जागून. शेतकऱ्याच्या नावे किती रवे आले, सौद्यात काय भाव निघाला, हमाली, तोलाई, अडत, उचल, शिल्लक. दिवाणजी त्यावर रोज नोंदी करतात, शेठ घरी बसून बघतात. माझ्या आयुष्यात मी लिहिलेली ही एकमेव गोष्ट जी लोक रोज वापरतात. तेव्हा फ्रेमवर्क, म्हणजे साईट बांधायचा तयार सांगाडा, वगैरे मला जड वाटायचं. "एवढ्याशा कामाला कशाला ते?" हे माझंच वाक्य.

रात्री अकराला कोड उघडला. नोंद खोडायची लिंक बघितली: पानाचं नाव, प्रश्नचिन्ह, नोंदीचा नंबर. बस. म्हणजे कुणीही कुठल्याही पानात त्या पत्त्याचं एक पिक्सेलचं चित्र टाकावं, दिवाणजींनी ते पान उघडावं, आणि नोंद साफ. यालाही जुना इतिहास आहे. २००५ मध्ये गूगलनं वेब ॲक्सिलरेटर म्हणून एक साधन काढलं होतं. ते पानावरच्या लिंका आपण दाबायच्या आधीच स्वतः उघडून ठेवायचं, वेग यावा म्हणून. ज्यांच्या ॲपमध्ये 'डिलीट' ही साधी लिंक होती त्यांचा मजकूर भराभर उडायला लागला. तिथं तर हल्लेखोरही नव्हता. नुसती लिंक उघडून काही बदलता कामा नये, हा नियम वेबच्या जन्मापासूनचा. मी तो वाचलाही होता.

मग पासवर्ड बदलायचा फॉर्म बघितला. जुना पासवर्ड विचारतच नव्हता. नवा टाका, पुन्हा टाका, सेव्ह. मी डेस्कटॉपवर एक वेगळी फाईल बनवली. त्यात एक फॉर्म, दोन दडवलेले रकाने, दोन्हीत 'गूळ१२३', पत्ता माझ्या पॅनलचा, आणि पान उघडताच फॉर्म आपोआप जाईल अशी एक ओळ. मोजून नऊ ओळी. एका टॅबमध्ये मालकाच्या खात्यानं पॅनलमध्ये शिरलो, दुसऱ्या टॅबमध्ये ती फाईल उघडली.

वर हिरवी पट्टी आली. 'पासवर्ड यशस्वीरीत्या बदलला आहे.'

ती हिरवी पट्टी मीच रंगवली होती. कडा गोल करायला तेव्हा तासभर घातलेला. ती बघत मी किती वेळ बसलो माहीत नाही. बायको पाणी प्यायला उठली, तिनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, चाललंय." अक्षरशः तेच झालं होतं. जे चालायला नको ते चाललं होतं.

उपाय कळायला सोपा आहे. पॅनलनं फॉर्म देताना त्यात एक गुप्त, कुणाला अंदाज न येणारी खूण (टोकन) दडवायची आणि तीच खूण त्या माणसाच्या सेशनमध्ये, म्हणजे तो लॉगिन असेपर्यंत सर्व्हर त्याची जी नोंद ठेवतो तिच्यात, लिहून ठेवायची. फॉर्म परत आला की दोन्ही जुळतात का बघायचं. परक्या साईटला माझ्या पॅनलकडं मागणी पाठवता येते, पण माझ्या पॅनलनं दिलेलं पान वाचता येत नाही, ब्राउझर तेवढं तरी अडवतो. वाचता येत नाही म्हणजे खूण कळत नाही. दिवाणजींच्या भाषेत, शेठनं रोज सकाळी एक खुणेचा शब्द सांगायचा आणि चिठ्ठीवर तो नसला तर शिक्का नाही.

करायला गेलो तेव्हा मी दोनदा माती खाल्ली. पहिल्यांदा असं लिहिलं की खूण आली असेल तर तपास. मग नसलीच आली तर? तर तपासत नव्हतो. माझी नऊ ओळींची फाईल पुन्हा मजेत चालली. हल्लेखोरानं खोटी खूण पाठवायचीच कशाला, रकाना गाळला की झालं. दुसऱ्यांदा, खोडायच्या लिंकेतच खूण जोडली, लिंकेचा फॉर्म करायचा कंटाळा म्हणून. लिंकेतली गोष्ट हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते, व्हॉट्सॲपवर कुणी पानाचा पत्ता पाठवला की तिथंही जाते. तिसऱ्या रात्री सगळ्या लिंका काढून बटणं केली, पासवर्डच्या फॉर्मला जुना पासवर्ड विचारायला लावला. तेव्हा कुठं माझी फाईल थोबाडावर आपटली. ती फाईल मी अजून ठेवलीय.

याच प्रकाराची चूक मोठ्यांच्याही हातून होते, याचं मला जरा हलकट समाधान आहे. डेटाबेस सांभाळायला निम्मं जग पीएचपीमायॲडमिन वापरतं. त्यात २०१९ मध्ये ४.९.० च्या आधीच्या आवृत्त्यांत हेच सापडलं: हल्लेखोरानं दिलेल्या पानात एक मोडकं चित्र, त्यामागं डेटाबेसवर चालणारा हुकूम. ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेची धोक्यांची जी पहिल्या दहांची यादी निघते तिच्यातनं सीएसआरएफ २०१७ ला बाहेर पडला होता, कारण नव्या फ्रेमवर्कांत ही खूण आयती मिळते. लॅराव्हेल, जॅंगो, रेल्स, सगळ्यांत. पण राउटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, आणि माझ्यासारख्यानं 'एवढ्याशा कामाला' लिहिलेलं पॅनल, हे सगळं त्या फ्रेमवर्कांच्या बाहेरचं. धंदा तर यांच्यावरच चालतो.

२०२० च्या फेब्रुवारीत क्रोम ८० आला आणि ब्राउझरनंच थोडी अक्कल दाखवायला सुरुवात केली. कुकी म्हणजे साईटनं ब्राउझरकडं ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, ती दर मागणीसोबत परत जाते. तिला सेमसाईट नावाचा एक गुण असतो. साईटनं काही सांगितलं नसेल तर तो 'लॅक्स' धरायचा, असं ठरलं. म्हणजे परक्या पानातनं फॉर्म पाठवला किंवा चित्र मागितलं तर कुकी सोबत जात नाही, माणसानं लिंक दाबून साईटवर पाऊल टाकलं तरच जाते. लगेच लॉकडाऊन लागला, साईटी मोडू नयेत म्हणून गूगलनं एप्रिलमध्ये ते मागं घेतलं आणि जुलैपासून पुन्हा हळूहळू लावलं.

मी उत्साहात आमच्या एका क्लासवाल्यांच्या साईटवर स्वतःच 'लॅक्स' लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. पालक फी भरतात, पैसे कटतात, आणि परत आल्यावर लॉगिनचं पान दिसतं. पैसे घेणारी साईट पालकाला परत पाठवताना फॉर्मनं पाठवत होती, म्हणजे परक्याकडनं आलेला फॉर्म, म्हणजे कुकी नाही. गंमत अशी की मी काहीच लिहिलं नसतं तर क्रोम नव्या कुकीला दोन मिनिटांची सवलत देत होता, नेमकी अशाच कामांसाठी. मी शहाणपणा करून लिहिलं म्हणून सवलत गेली. पालकांची समजूत काढताना सरांनी माझी जी ओळख करून दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

आणि सेमसाईट हा कुकीचा गुण. राउटरच्या त्या करड्या चौकटीला कुकीच नसते, तिला हा नियम लागूच नाही. खोडायची साधी लिंक असेल तर लॅक्सही हात वर करतो, कारण लिंक दाबून गेलं की कुकी जातेच. म्हणून खूण ती खूणच. आता मी गिऱ्हाइकाच्या मशीनवरनं राउटरात शिरतच नाही. स्वतःचा लॅपटॉप, ब्राउझरची खाजगी (इनकॉग्निटो) खिडकी, काम झालं की ती खिडकी बंद. उद्यमनगरात काका दर वेळी विचारतात, "माझ्या मशीनवर बसा की." नको म्हटलं की खूश होतात.

गुळाच्या पॅनलचं एक सांगायचं राहिलं. खूण लावली त्याच आठवड्यात दिवाणजींचा फोन आला. सकाळी नोंदी भरायला घेतल्या, मग सौदा सुरू झाला म्हणून उठले, दुपारी येऊन सेव्ह दाबलं. तोवर सेशन संपलेलं, खूण जुळेना. पॅनलनं मी लिहून ठेवलेला संदेश दाखवला: 'टोकन अवैध आहे.'

"साहेब, टोकन संपलं म्हणतंय. गेटवर विचारून आलो, ते म्हणत्यात आम्ही गाडीचंच टोकन देतो, कॉम्प्युटरचं देत नाही."

भर पावसात गेटपर्यंत जाऊन आले होते. बत्तीस नोंदी उडाल्या त्या वेगळ्याच. त्या संध्याकाळी मी दोन गोष्टी केल्या. खूण जुळली नाही तरी भरलेला मजकूर तसाच फॉर्मात परत दिसेल अशी सोय, आणि संदेश बदलला: 'पान शिळं झालंय. खाली तुमच्या नोंदी आहेत. पुन्हा सेव्ह दाबा.'

त्याला आता कैक वर्षं झाली. हंगामात आठवड्यातनं एकदा तरी दिवाणजींचा फोन येतो.

"साहेब, पान शिळं झालंय."

"नोंदी हाईत नव्हं?"

"हाईत की."

"मग पुन्हा दाबा सेव्ह."

"दाबलं. झालं."

"मग फोन कशाला केला?"

"तुम्हाला कळवावं म्हटलं."